शहाण्णव जणांचा एकच रकाना

कोरेगावच्या लढाईचा हिशेब ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात दिला आहे. पुढे १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही तेच आकडे येतात. तोफखाना : १२ ठार, ८ जखमी. पायदळ : ५० ठार, १०५ जखमी. घोडदळ : ठार, जखमी आणि गायब मिळून ९६.

तोफखान्याला दोन रकाने, पायदळाला दोन रकाने. घोडदळाच्या वाट्याला मात्र तीन गोष्टींचा मिळून एकच रकाना. मेलेला, जखमी झालेला आणि निघून गेलेला, तिघे एका बेरजेत.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. माहेर शिरूरचं, नोकरी दौंडला. बीएड करताना इतिहास हा माझा विषय नव्हता. पण गेली वीस वर्षं रोज सकाळी हजेरी घेते आहे, त्यामुळे रकान्यांकडे बघायची नजर आपोआप तयार झाली आहे. कोणता रकाना आहे आणि कोणता नाही, यावरून हजेरी लिहिणाऱ्याला काय जाणून घ्यायचं होतं ते कळतं. म्हणून हा ९६ चा आकडा वाचला आणि तिथेच अडकले. नंतर घोडदळातून पळून जाणाऱ्यांविषयी जिथे जे मिळेल ते वाचत गेले. कधी मोबाईलवर, कधी पुण्याच्या ग्रंथालयात, कधी एसटीत बसून. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडते.

आधी शिरूरविषयी. आजही जुनी माणसं शिरूरला घोडनदीच म्हणतात. १८०२ च्या वसईच्या तहानंतर कंपनीची तैनाती फौज पेशव्याच्या मुलखात आली आणि घोडनदीच्या काठी तिची छावणी पडली. एका अंगाला पुणे, दुसऱ्या अंगाला अहमदनगर आणि त्यापलीकडे निजामाचा मुलूख. कंपनीच्या हिशेबात शिरूर तेव्हा सरहद्दीवरचं ठाणं होतं. कर्नल वॉलेस हा इथला अधिकारी १८०९ मध्ये इथेच वारला. त्याची कबर अजून आहे, आणि लोक त्याला ‘सत्पुरुष’ मानून नवं धान्य वाहत, नैवेद्य दाखवत, असं गॅझेटियरमध्ये लिहिलं आहे. आपल्या गावांची ही मोकळी रीत मला आवडते. पण त्याच छावणीतल्या सवारांच्या कबरी आणि समाध्या कुठे आहेत, हे गावात कोणाला विचारून बघा.

जून १८१७ मध्ये पुण्याचा तह झाला. त्यात दुसऱ्या बाजीरावाला कंपनीसाठी पाच हजार घोडदळ आणि तीन हजार पायदळाचा खर्च उचलावा लागला, आणि त्यापोटी मुलूखही तोडून द्यावा लागला. या पैशातून उभं राहिलेलं घोडदळ म्हणजे पूना ऑक्झिलरी हॉर्स. पुढे त्याचंच नाव पूना हॉर्स झालं. शिरूर हे त्याचं बरीच वर्षं मुख्य ठाणं होतं.

आता त्या सवाराच्या जागी उभं राहून बघा. जूनपर्यंत तो कोण होता? याच मुलखातला शिलेदार. मराठा असेल, दखनी मुसलमान असेल, हिंदुस्थानातून आलेला पठाण असेल. काल एका सरदाराकडे, आज कंपनीकडे. तनखा पेशव्याच्या मुलखातल्या वसुलीतून यायची, हुकूम गोऱ्या साहेबाचा असायचा. आणि सात महिन्यांच्या आत, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आठ वाजता, त्याला शिरूरहून पुण्याकडे कूच करायला सांगितलं गेलं. कॅप्टन स्टाँटनबरोबर मुंबईच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण होती, मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या आणि लेफ्टनंट स्वान्स्टनच्या हाताखाली हे सुमारे अडीचशे सवार होते. सकाळी भीमेच्या काठी पोहोचले तर पलीकडे खुद्द पेशव्याची फौज. दिवसभर अन्नपाण्याविना लढाई झाली. ३ जानेवारीला उरलेले लोक शिरूरला परत आले.

अडीचशेपैकी ९६, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसं. त्यातले किती घोड्यावरून पडले आणि किती घोड्यासकट अंधारात निघून गेले, हे त्या बेरजेत विरघळून गेलं आहे.

‘पळाले’ हा शब्द आपण फार लवकर वापरतो. वर्गात मी मुलांना शब्दांची घराणी सांगते. ‘फरार’ अरबीतून फारसीत, फारसीतून उर्दूत आणि मराठीत आला. मूळ ‘फिरार’, म्हणजे पळणं. ‘गैरहाजर’ तिकडूनच आला, पण त्यात आरोप नाही, माणूस फक्त समोर नाही एवढंच. ‘बेपत्ता’ म्हणजे ज्याचा ठावठिकाणा नाही, मग तो मेलेला असेल किंवा जिवंत. आणि ‘नाव कमी केलं’, ज्याला आपल्या घरात ‘नाम कट गया’ म्हणतात, ते शाळेतही चालतं आणि फौजेतही चालायचं. चार शब्द, चार वेगळे अर्थ. ग्रँट डफच्या आकड्यातला ‘गायब’ या चारांपैकी नेमका कोणता?

हा प्रश्न कंपनीनेच पहिल्यांदा पाहिला असं नाही. अल्लाउद्दीन खिलजीने घोड्याला डाग द्यायची आणि सवाराचा चेहरा लिहून ठेवायची पद्धत घातली, अकबराने तीच पुढे नेली. डाग म्हणजे घोड्यावर तापल्या लोखंडाची खूण. चेहरा म्हणजे सवाराचं वर्णन : रंग, उंची, कपाळावरचा व्रण, बापाचं नाव. कशासाठी? तर सरदार शंभराची तनखा घेऊन साठच सवार ठेवायचे, आणि गणतीच्या दिवशी इकडूनतिकडून तट्टं आणून उभी करायचे. मराठी फौजेतही हीच डोकेदुखी होती. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण उगाच वापरत नाही. म्हणजे हजेरीपटावर नाव असूनही माणूस जागेवर नसणं ही फौजेची जुनीच गोष्ट आहे. कधी माणूस पळालेला असे, तर कधी मुळात आलेलाच नसे.

शिलेदारीचा व्यवहार समजून घेतल्याशिवाय पळण्याचं गणित सुटत नाही. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकार किंवा सरदार देतो. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा स्वतःचा, खोगीर स्वतःचं, तलवार स्वतःची. कंपनीने आपल्या अनियमित रिसाल्यांत हीच देशी पद्धत उचलली. सवाराला एकगठ्ठा तनखा मिळे आणि त्यातच घोड्याचा दाणा, नाल, कपडे, दुरुस्ती सगळं भागवायचं. दोन सवारांमध्ये एक घसियारा आणि एक तट्टू असे, त्याचाही खर्च त्यांच्याच डोक्यावर. सवाराची जागा, जिला ‘असामी’ म्हणत, ही त्याची मालमत्ता होती. नोकरी सुटली तर तिचे पैसे मिळत. पळाला तर ती बुडे.

म्हणजे शिलेदार सवार पळून जायला दहा वेळा विचार करणार. त्याची सगळी पुंजी घोड्याच्या पाठीवर आहे. पण हेच गणित उलटंही फिरतं. मोहिमेत घोडा मेला तर दुसरा घ्यायचा कुठून? रिसाल्याच्या सावकाराकडून. दाणा महागला, कर्ज वाढलं, तनखा हातात येण्याआधीच गेली, की त्याच माणसाला राहण्यात काही उरत नाही. कर्जबाजारी शेतकरी रात्रीतून गाव सोडतो तेव्हा आपण त्याला गद्दार म्हणत नाही. कर्जबाजारी सवाराला मात्र म्हणतो. ही पद्धत पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ च्या आसपास, मोडीत निघाली. त्या युद्धात घोडे आणि माणसं इतकी पडली की सवाराने आपल्या खिशातून जागा भरायची, हे चालण्यासारखंच राहिलं नाही.

इथे एक परदेशातला दाखला देते, कारण तिथे आकडे वेगळे मांडलेले आहेत. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर यादवी युद्धानंतर जी घोडदळं होती, त्यांच्यातून माणसं पळायचं प्रमाण थक्क करणारं होतं. १८६७ पासूनच्या पंचवीस वर्षांत तिथल्या फौजेत भरती झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक पळाले. १८७१ मध्ये साध्या शिपायाचा पगार महिना १६ डॉलरवरून १३ वर आणला आणि पळणाऱ्यांची संख्या एकदम चढली. जवळपास खाणी होत्या, रेल्वेचं काम चाललं होतं, तिथे मजुरी जास्त मिळत होती.

पण त्याच फौजेत दोन रिसाले वेगळे होते. नववा आणि दहावा. १८६६ मध्ये उभे केलेले, शिपाई सगळे काळे, अधिकारी बहुतेक गोरे. १८७६ या एका वर्षात तिसऱ्या रिसाल्यातून १७० जण पळाले, पाचव्यातून २२४, सातव्यातून ७२. नवव्यातून पळाले ६ आणि दहाव्यातून १८. ऊन तेच, थंडी तीच, वाळवंट तेच. घोडे मात्र अनेकदा त्यांच्या वाट्याला दुसऱ्यांनी नाकारलेले यायचे.

मग हे लोक जास्त निष्ठावान होते का? काही जण तसं म्हणतात, आणि म्हणताना कौतुकच करतात. मला हे कौतुक अर्धवट वाटतं. गोरा शिपाई पळाला तर शंभर मैलांवर नाव बदलून खाणीत काम करू शकत होता. काळा माणूस पळून जाणार कुठे? त्याच्यासाठी फौजेची वर्दी हीच त्या देशात मिळू शकणारी सगळ्यात मानाची नोकरी होती. शिवाय त्याला माहीत होतं, की आपण एक पळालो तर बोट आपल्या सगळ्या जमातीकडे जाईल. राहिला तर एकटा राहिला, पळाला तर सगळे पळाले. हे गणित ज्याला कळतं, त्याला ते समजावून सांगावं लागत नाही. आमच्या वर्गातल्या मुलांनाही ते सातवी-आठवीत कळायला लागतं.

म्हणून पळणाऱ्यांचा आकडा निष्ठा मोजतो असं मला वाटत नाही. तो दोन गोष्टी मोजतो : आत राहण्यात काय मिळतं, आणि बाहेर जायला दार किती उघडं आहे. १८१७ च्या शिलेदाराला बाहेर बरीच दारं उघडी होती. एका सरदाराची चाकरी सोडून दुसऱ्याची धरणं हा त्याचा रोजचा व्यवहार होता. त्याला तो ‘चाकरी सोडली’ म्हणत होता. फक्त कंपनीच्या वहीत त्याच गोष्टीचं नाव गुन्हा होतं. लढाईच्या आधी पेशव्याची माणसं कंपनीच्या शिपायांना फितवायचा प्रयत्न करत होती, हे ग्रँट डफच लिहितो. म्हणजे पलीकडच्या बाजूला त्याला ‘घरी परत आला’ असं म्हणणारे लोकही होते.

कोरेगावविषयी आपल्याकडे काही बोलायचं म्हणजे जपून बोलावं लागतं. मी जपूनच पण स्पष्ट बोलते. त्या स्तंभावर ‘नाक’ ने संपणारी जी नावं आहेत, ती ज्यांच्या पूर्वजांची आहेत त्यांनी तिथे मान झुकवणं हा त्यांचा हक्क आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले ते याच नावांसाठी. ज्या माणसांना गावात पाणवठा बंद होता त्यांचं नाव दगडावर कोरलेलं असणं ही छोटी गोष्ट नाही. त्याच दिवशी मुसलमान दोन्ही बाजूंना होते. पेशव्याकडून अरब लढले, कंपनीकडून सवार आणि शिपाई. मराठे दोन्हीकडे होते. त्या दिवसाला आजच्या भांडणाचे कपडे घालायला गेलं की शिवण उसवते. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे : ज्याचं नाव लिहिलं जातं, त्याच्या वंशजांना उभं राहायला जागा मिळते. ज्याचं नाव बेरजेत जातं, त्याच्या वंशजांच्या हातात अफवा उरते.

बंडाची गोष्ट वेगळी. मेरठच्या तिसऱ्या बंगाल लाइट कॅव्हलरीच्या ८५ सवारांनी १८५७ मध्ये काडतुसं घ्यायला नकार दिला. त्यांच्यावर खटला चालला, शिक्षा झाली, दुसऱ्या दिवशी १० मे ला उठाव पेटला. त्या ८५ चा आकडा पाठ असलेली मुलं माझ्या वर्गात आहेत. समोर उभं राहून नाही म्हणणाऱ्याची नोंद होते. रात्री मुकाट्याने निघून जाणाऱ्याची होत नाही, तो फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी कमी भरतो.

ही अफवा मी घरातच पाहिली आहे. माझ्या नानीचे पणजोबा शिरूरच्या रिसाल्यात होते असं घरात सांगत. रिसाला अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेला, कंधारपर्यंत. पूना हॉर्सच्या मानचिन्हांत ‘कंधार १८८०’ आहे, तीच ही मोहीम. बाकीचे परत आले, हे आले नाहीत. आमच्या घरात त्यांना शहीद म्हणत. भाऊबंदकीतले लोक लग्नाकार्यात पानसुपारी खाताना हळूच म्हणत, “शहीद कायके, उधरीच दुसरा घर किए रहिंगे.” नानी हे ऐकून घेत असे आणि तिची मान ताठ होत असे. कागद कोणाकडेच नव्हता. ना ठार झाल्याचा, ना फरार झाल्याचा.

पण मला त्या गोष्टीत पणजोबांपेक्षा त्यांच्या बायकोचं आयुष्य मोठं वाटतं. तेव्हा तिचं वय पंचविशीच्या आत असणार. तिने लच्छा काढला नाही. इद्दत बसली नाही, कारण नवरा मेल्याची खबर नव्हती. दुसरा निकाह केला नाही, कारण पहिला मोडलेला नव्हता. पेन्शन मागायला गेली नाही, कारण विचारलं असतं, मेला याचा पुरावा काय? मोहिमेत मेलेल्याच्या वारसाला तोंड वर करून काही मागता यायचं. फरार ठरलेल्याची तर चढलेली तनखाही जप्त व्हायची. गोधड्या शिवून तिने दोन मुलं वाढवली. तिचं सगळं आयुष्य त्या तीन गोष्टींच्या एका रकान्यात गेलं.

आपल्या फिक्हमध्ये अशा पुरुषासाठी शब्द आहे : मफ्कूद. ज्याची खबर नाही असा. त्याच्या बायकोने काय करायचं यावर इमामांमध्ये मतभेद आहेत. हनफी मताप्रमाणे, आणि दखनी मुसलमान बहुतेक हनफी, त्याच्या वयाची माणसं हयात असेपर्यंत तो जिवंत धरायचा. काहींनी त्यासाठी नव्वद वर्षांचं वय सांगितलं. म्हणजे बाईचं आयुष्य संपलं. मालिकी मताप्रमाणे काझीकडे गेल्यावर चार वर्षं वाट बघायची. १९३० च्या दशकात मौलाना अशरफ अली थानवींनी हनफी उलेमांच्या संमतीने या बाबतीत मालिकी मत घ्यायची वाट मोकळी केली. त्यांचं ‘अल-हीलतुन्नाजिझा’ हे पुस्तक याच कामाचं. पुढे १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आला. त्यात बाईला तलाक मागायची जी कारणं दिली आहेत त्यांतलं पहिलंच हे : नवऱ्याचा ठावठिकाणा चार वर्षं माहीत नसणं. अर्जात नवऱ्याच्या वारसांची नावं द्यावी लागतात, त्यांना नोटीस जाते, चुलता आणि भाऊ असतील तर त्यांना पक्षकार करतात. निकाल लागल्यावरही सहा महिने थांबावं लागतं. त्या मुदतीत नवरा परत आला आणि नांदवायला तयार असला तर निकाल रद्द होतो.

कंधार १८८०, कायदा १९३९. नानीच्या पणजीसाठी एकोणसाठ वर्षं उशीर झाला.

हे सगळं जुनं झालं असं कोणी म्हणेल. मागच्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत एक आई शाळेत आली होती. दौंड जंक्शनचं गाव. दौंडवरून रेल्वे १८५८ पासून जाते आहे, १८७८ मध्ये मनमाडचा फाटाही झाला. येणाऱ्याजाणाऱ्यांचं गाव आहे हे. तिचा नवरा ट्रकवर होता. गेला तो आला नाही. तिच्या तीन मुलांपैकी धाकटी आमच्याकडे पाचवीत. फॉर्मवर वडिलांच्या पुढे दोनच चौकटी होत्या : हयात, मयत. मी विचारलं, “काय लिहू?”

ती म्हणाली, “बाजी, हयात लिखे तो मदत मिलती नई. मयत लिखे तो मेरी सास आके झगडा करती. तुमीच सोचके लिखो.”

मी दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि शेजारी लिहिलं : बेपत्ता, चार वर्षे तीन महिने, पोलिसात मिसिंगची तक्रार दिलेली. एका कचेरीने तो फॉर्म परत पाठवला, चौकट भरा म्हणून. मी तोच शेरा पुन्हा लिहून, तक्रारीची झेरॉक्स जोडून परत पाठवला. तिसऱ्या खेपेला तो घेतला गेला.

मग तिला १९३९ च्या कायद्याविषयी सांगितलं. तिला हे माहीतच नव्हतं. मशिदीत तिच्या भावाने विचारलं होतं, तिथे कोणीतरी नव्वद वर्षांचं सांगितलं होतं. मोफत कायदेशीर मदत तालुक्याच्या न्यायालयातच मिळते हेही तिला नवीन होतं. ती लगेच काही म्हणाली नाही. दोन आठवड्यांनी येऊन म्हणाली, “अर्जी करनी है. निकाह के वास्ते नई. मेरेकू मालूम होना, मैं कोन हूं.” मला कोण आहे ते कळलं पाहिजे. अर्ज आता कोर्टात आहे, तिच्या दिराला नोटीस गेली आहे.

हजेरीपटावरही हेच चालतं. शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके उसाचे. गळीत हंगाम सुरू झाला की तोडणीवाल्यांची पोरं येतात, संपला की जातात. वीटभट्टीवाल्यांचंही तसंच. चार महिने वर्गात बसलेला मुलगा एका सोमवारी दिसत नाही. पटावरून नाव कमी करायचं तर कारण लिहावं लागतं. ‘सतत गैरहजर’ लिहिलं की पोराच्या माथी शिक्का बसतो, जणू तोच पळाला. ‘स्थलांतरित’ लिहिलं तर पुढच्या शाळेत त्याला दाखल होता येतं. एका शब्दाचा फरक. मी फोन करते, मुकादमाचा नंबर शोधते, कुठल्या कारखान्यावर गेले ते विचारते, मगच शब्द लिहिते. वर्गात आम्ही याला गंमतीने ‘चेहरा लिहिणं’ म्हणतो. डाग कोणालाच द्यायचा नाही, एवढा नियम आमचा आम्ही केला आहे.

पूना हॉर्सचं नाव पुण्याचं राहिलं, माणसं मात्र बदलली. कंधारचा वेढा उठवणारा रॉबर्ट्स पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झाला आणि लढाऊ जमातींचा सिद्धांत जोरात आला. दक्षिणेची माणसं आता लढाऊ उरली नाहीत असं ठरवून भरती उत्तरेकडे वळली. तरी १९०८ मध्ये सैन्याच्या अधिकाऱ्यांसाठी मेजर बेथमने जे माहितीपुस्तक लिहिलं त्याचं नाव ‘मराठे आणि दखनी मुसलमान’ असंच आहे. दोघं एकाच पुठ्ठ्यात, शेजारी शेजारी. १९६५ मध्ये चाविंड्याच्या लढाईत तारापोर आणि १९७१ मध्ये बसंतरला खेत्रपाल याच रेजिमेंटकडून लढताना पडले, दोघांनाही परमवीर चक्र मिळालं. तोपर्यंत शिरूरमध्ये रिसाल्याची आठवण आडनावांत तेवढी उरली होती : जमादार, नालबंद, शिकलगार, शिलेदार. घोड्याला नाल ठोकणारे, तलवारीला धार लावणारे, घोड्यावर बसणारे. माझ्या वर्गात एक नालबंद आहे, त्याच्या वडिलांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. आडनावाचा अर्थ सांगितला तेव्हा तो म्हणाला, “टीचर, म्हणजे पंक्चरवालेच की आम्ही आधीपासून!”

वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरात जुन्या ट्रंकेत, कुराणशरीफच्या जुजदानात, देव्हाऱ्यामागच्या डब्यात एखादा पिवळा कागद असेल : नोकरीतून सुटल्याचा, पेन्शनचा, घोड्याच्या कर्जाचा, हजेरीचा. मोडीत असेल, उर्दूत असेल, इंग्रजीत असेल. फेकू नका. लॅमिनेशनही करू नका, कागद गुदमरतो. फोटो काढून ठेवा आणि वाचता येणाऱ्या माणसाला दाखवा. उर्दू असेल तर मी वाचून देईन, मोडी वाचणारे पुण्यात भेटतात. त्यात ‘फरार’ निघालं तरी घाबरू नका. तारीख बघा, त्या साली दुष्काळ होता का बघा, कर्ज किती होतं बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, तो गेल्यावर मागे कोण राहिलं होतं. तिचंही नाव लिहून घ्या.